झिजलेली जागा

कोपरी, रविवार संध्याकाळ, १९५३

ऑफिसातल्या पास्कलची जॅझची रेकॉर्ड मी महिनाभर ऐकली आणि एका जागी पार खराब केली. तेवढा ट्रम्पेटचा तुकडा ऐकायला सुई सारखी मागे नेत होतो ना! आज कल्याणला त्याच्या घरी ती परत द्यायला गेलो. जॅझवर माझ्याशी बोलणारा तो एकटाच. तोच दुरावला तर?

त्याने ती लावली. त्या जागी ट्रम्पेट नुसतं खरखरलं. मी मान खाली घातली.

"हीच जागा होय रे?" म्हणत त्याने कपाटातून त्याच गाण्याची दुसरी रेकॉर्ड काढली. "ही माझी पहिली. ऐक."

त्याच जागी खरखर!

देवा, असा माणूस मला दिलास. तेवढा तुकडा मग आम्ही दोघांनी तोंडानेच वाजवला.