अख्खी बादली

४ फेब्रुवारी

माझ्या खुर्चीवरची उशी गेली! एडिटिंगच्या खोलीला खिडकी नाही, मी कधी तक्रार केली नाही. एसी असा अडकलाय की शवागार परवडलं, तरी गप्प बसले. पण उशी? याहून क्षुल्लक कारणांवरून राज्यं बुडाली असतील! रीतसर तपास केला. साउंडवाल्यानं त्याच्या खोलीचं दार खडखडतं म्हणून ती फटीत कोंबली होती. परत मागितली तर म्हणतो, "मॅडम, आवाज नाहीतर पाठ, एकच काहीतरी वाचेल." पाठीनं त्याग केला.

त्या त्यागलेल्या पाठीनं आज थरारपटाची सुरुवात पुन्हा कापायला घेतली. सुरुवात अशी — भर दुपार. एक बाई बाहेरून कुलूप काढून घरात येते. एकटीच राहते : दांडीवर एकच टॉवेल, ओट्यावर एकच कप. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसते. मागे बाथरूमचं दार अर्धवट लोटलेलं. आत बादलीत पाणी पडायला लागतं. ती पुटपुटते, "आलं वाटतं पाणी." सकाळी नळ उघडाच राहिला असणार. पुन्हा घड्या. बादली भरत येते, आवाज बारीक होत जातो... आणि नळ बंद होतो.

बस. एवढंच. ना अंधार, ना संगीत.

महाराजांना ते एवढंच नकोय. (महाराज म्हणजे आमचे दिग्दर्शक. सेटवर खुर्चीऐवजी सिंहासनच मागतात.) "पण नळ बंद करणारा हात कुठाय? हात दाखवा! काळा हातमोजा! आणि मागे ढोल!"

"हात दिसला की हातवाला कळला. मग भ्यायचं कशाला?"

"आणि ते कुलूप काढा आधी. बोअर आहे."

कुलूप काढा! अहो, घर बाहेरून बंद होतं हे प्रेक्षकानं बघितलं नाही, तर आत कुणी असेल तर असू दे की, असंच म्हणेल तो!

शनिवारी शेठ बघणार. पैसा त्यांचा, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांना पटलं नाही, तर सुरुवातीला हातमोजा येणार आणि सिनेमा जाणार 'कात्री'कडे. हा प्राणी ट्रेलर कापतो. कुठल्याही शॉटला टेकू देत नाही. चार महिने मी या सिनेमाला अंगाखांद्यावर खेळवलंय, आणि आता बारसं कात्री करणार!

५ फेब्रुवारी

महाराजांना आता मांजरही हवंय. खिडकीतून उडी मारणारं. मी म्हटलं, दचकणं वेगळं, भिणं वेगळं. दचकायला मांजर पुरतं, भ्यायला वेळ लागतो. ते म्हणाले, "वेळच तर नाहीये आपल्याकडे." मांजराचं शूटिंग उद्या. मांजर पाळीव आहे, उडी मारत नाही म्हणे. त्याला तरी चांगली समज आहे.

६ फेब्रुवारी

दिवसभर तोच प्रसंग. बघून बघून डोळ्यांना घट्टे पडले. नळ बंद होणार हे मला पाठ, त्यामुळे मधलं सगळं लांबलचक वाटतं. थोडं छाटलं. दुपारी आणखी थोडं. संध्याकाळी अजून. प्रसंग कसा चटपटीत झाला! मग भीती का वाटत नाहीये?

आता कोरा माणूस हवा. आमच्या धंद्यातला हा जुना रिवाज — ज्यानं गोष्ट ऐकलेली नाही, अशा एकाला प्रसंग दाखवायचा, आणि पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघायचं. फक्त तो एकदाच वापरता येतो. काडेपेटीतल्या काडीसारखा. नवऱ्याला मी त्यासाठीच जपून ठेवलंय. लग्नाचा काहीतरी उपयोग.

७ फेब्रुवारी

नवरा वाया गेला!

जेवताना मीठ पुढे करत म्हणतो, "म्हणजे बाथरूममध्ये मेहुणाच असतो ना?" मी फोन उचलला नाही म्हणून महाराजांनी घरी फोन केला आणि ह्यांना बसवून अख्खी गोष्ट सांगितली. वर "वहिनींना समजवा जरा" असंही!

"अहो, कानात बोटं घालता येत नव्हती?"

"अगं, रंगात आली होती गोष्ट."

आता उरल्या वन्सं. म्हणजे ह्यांची थोरली बहीण. भावजी गेल्यापासून पलीकडच्या गल्लीत एकट्याच राहतात, त्यामुळे साठलेलं सगळं बोलणं आमच्याकडे येऊन रितं करतात. सिनेमा बघताना तर विचारूच नका, पडद्यावरच्या माणसांपेक्षा यांचेच संवाद जास्त. पण कोऱ्या आहेत. उद्या नेते.

८ फेब्रुवारी

वन्संना बसवलं. पहिल्या शॉटपासून सुरू — "अय्या, कुलूप चांगलं आहे गं. घड्या बघ कशा घालतेय, इस्त्रीचं काम वाढवून ठेवलं!" नळ सुरू झाला. नळ बंद झाला. मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय. भीतीचा लवलेश नाही. उलट हसू!

"काय झालं?"

"अगं, एवढ्यात भरली बादली? तुमच्या सिनेमात पाण्याला भलताच जोर बाई! आमच्याकडे धार करंगळीएवढी येते."

मी पुन्हा लावून बघितलं. खरंच की! छाटता छाटता बादली मी तांब्याएवढी करून टाकली होती. इतक्या वर्षांच्या अनुभवाची बाई, आणि पाणी भरायला वेळ लागतो हे विसरले! महाराजांना ऐकवत होते भ्यायला वेळ लागतो म्हणून, आणि तो वेळ कापून फेकत होते मीच!

९ फेब्रुवारी

सगळं परत जोडलं. अख्खी बादली, तळापासून काठापर्यंत. मध्ये एकही कट नाही. कट म्हणजे प्रेक्षकाला दिलेली फट — तेवढ्यात तो श्वास घेतो, खुर्चीत हलतो, सुटतो. म्हणून कॅमेरा हलत नाही. बाई एका बाजूला, फ्रेमचा उरलेला भाग रिकामा, त्यात ते दार. बघणारा आपोआप दाराकडेच बघतो. ती मात्र घड्या घालतेय.

महाराज बघून किंचाळले. "पूर्ण बादली? लोक झोपतील!"

चिडून मी रिवाज मोडला. वापरलेली काडी पुन्हा ओढली. वन्संना बोलावलं. सुरुवातीला बोलल्या — कुलूप, घड्या, सगळं तेच. पाणी अर्ध्यावर आलं आणि गप्प झाल्या. वन्सं! गप्प! पुढे काय होणार हे माहीत असून! नळ बंद झाला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

लगेच उठल्या. "निघते गं. घरी नळ राहिलाय की काय कोण जाणे."

चहाला सुद्धा थांबल्या नाहीत. मी मनगटावरचा वळ साउंडवाल्याला अभिमानानं दाखवला.

१० फेब्रुवारी

शेठ आले, फोनवर बोलतच. बाई आली, घड्या सुरू, शेठ कुणालातरी भाव सांगताहेत. पाणी सुरू. भाव चालूच. मी मनात कात्रीचं अभिनंदन करून टाकलं. पाणी अर्ध्यावर आलं तसा शेठचा आवाज उतरला. मग, "नंतर करतो." फोन मांडीवर पालथा.

नळ बंद झाला.

"कोण आहे आत?" शेठ कुजबुजले.

"तिकीट काढून बघा," मी म्हटलं.

ठरलं. सुरुवात अशीच, सिनेमा माझ्याकडेच. आणि महाराज काय म्हणाले असतील? "मी पहिल्यापासून सांगतोय शेठ, हात नको!" जिंकल्यावर सुद्धा माणसाला चिडायची सोय असते, हे आज कळलं.

११ फेब्रुवारी

सकाळी हे म्हणाले, "तू ताईला काय दाखवलंस गं? परवापासून शेजारच्यांकडे आंघोळीला जातेय. घरातली बादली पालथी घालून ठेवलीय. आणि कुणाला सांगू नको म्हणाली, विशेषतः तुला."

चहा गार झाला.

१२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी पिशवी घेऊन वन्संकडे आले. "आमच्याकडे रंगकाम काढलंय, चार दिवस राहू का?" त्यांनी खोटं ओळखलं असणार, पण लगेच अंथरूण काढलं. सकाळी मी बादली सरळ करून नळाखाली ठेवली आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसले. त्या आत, मी बाहेर. धार करंगळीएवढीच येते. बादली भरेपर्यंत मी बोलत राहिले — शेठ, महाराज, मांजर, तोंडाला येईल ते.

नळ त्यांनीच बंद केला. आतून ओरडल्या, "अगं, थांबलीस का? मांजराचं पुढे काय झालं?"