पूर्वेची खिडकी, घटपर्णी आणि माझा मुलगा

बुधवार, दिनांक १२ मार्च २०२५ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या एकुलत्या मुलाने माझ्या कीटकभक्षी घटपर्णीच्या सातही सुरया सिंकमध्ये उपड्या केल्या. माझ्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा तो दुसरा दिवस. डोळ्यावर पट्टी होती, कान शाबूत होते.

"काय ओततोयस रे?"

"काही नाही गं आई. घाण पाणी साचलेलं. आत मेलेल्या मुंग्या! डास झाले असते."

"ते तिचं पोट आहे, गाढवा!"

"बरं बाई. साबणानं धुऊनसुद्धा दिल्यात. चकाचक! आणि तीन चमचे खत घातलंय."

सबब मी, वय एकाहत्तर, रक्ततपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात, स्वतःच्या अकलेने ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवत आहे. शुद्ध आणि राग एकत्र नांदतात, हे कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी मला दहा वर्षे रोज दाखवले.

१. बँकेतली ठेव माझ्या भाचीला. तिने कारण विचारू नये.

२. शिवणयंत्र माझ्या नणंदेने एकोणीस वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेले. त्याचे झाकण माझ्याकडे राहिले आहे. तेही तिने घेऊन जावे, म्हणजे जोडी पूर्ण होईल.

३. घटपर्णी. हिच्या पानाच्या टोकाला सुरई लोंबते. तिच्यातल्या रसात मुंगी पडली की झाड ती पचवते. खत हिला मुळांतून नको असते. पहिली घटपर्णी मी स्वतः शेणखत घालून मारली, दुसरी नळाच्या पाण्याने. नवरा तेव्हा हयात होता. म्हणाला, "तुझ्या प्रेमातून वाचणं कठीण आहे." ही तिसरी अकरा वर्षांची आहे. तिला फक्त पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी द्यावे. कुंडीत माती नको, शेवाळ आणि नारळाच्या सालीचे तुकडे हवेत. पडद्याआडून भरपूर उजेड आणि दमट हवा. सुरई सांडलीच, तर डिस्टिल्ड पाण्याने तिसरा हिस्सा भरावी. मटणाचा तुकडा टाकून गंमत बघू नये.

खत मी त्याच दिवशी भाचीकडून चार वेळा पाणी ओतून धुऊन काढले. तरी सातांपैकी पाच सुरया काळ्या पडल्या. नव्या पानाच्या टोकाला वालाच्या दाण्याएवढी एक गाठ आहे. ती फुगते की वाळते, हे मी रोज सकाळी भिंग घेऊन बघते. अजून कळत नाही.

४. घर. झाडाची जागा बदलली की ते सुरया धरणे सोडते, म्हणून झाड आणि ते जिथे आहे ती पूर्वेची खिडकी वेगळी करता येणार नाही. ज्याला झाड त्यालाच घर. मागच्या रविवारी मुलगा त्या खिडकीला मापाची टेप लावून उभा होता.

"आई, इथे एसी मस्त बसेल."

"इथे मी बसलेय अजून."

"पुढचं म्हणतोय गं."

एसीच्या कोरड्या हवेत ही महिनाभरही तग धरणार नाही. त्याला पुढचे बोलायचे आहे, तर हे पुढचेच आहे. त्याने कलम ३ पाळण्याची हमी दिली तर घर त्याचे. न दिल्यास घर आणि झाड भाचीचे. पावसाचे पाणी भरलेल्या बाटल्या घेऊन ती तीन मजले चढून येते आणि दारातूनच विचारते, "मावशी, हिचं आज काय म्हणणं आहे?" मुलगा वाईट नाही. तो ऐकत नाही. लहानपणी मी त्याला गप्प बसवायचे त्याचा हा परिणाम असेल, तर तेवढा दोष माझ्या नावे लिहावा.

सही: (उजव्या डोळ्याचा नवा चष्मा यायचा आहे, म्हणून डाव्या डोळ्याने केल्यामुळे वाकडी आहे, पण माझीच आहे.)

साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर. २. समोरच्या दारातल्या शिक्षिका. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. शिक्षिकांना वाईट वाटले.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल. बुधवार, २ एप्रिल २०२५.

मुलास: २ मे रोजी माझ्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. या वेळी आठ दिवस मी भाचीकडे राहीन आणि झाड कोणाच्या तरी हाती सोपवावे लागेल. पाणी कोणते, सुरयांना हात लावणार की नाही, एसी कुठे बसवणार, या तिन्हींचे उत्तर कागदावर, तुझ्या अक्षरात, बुधवार ३० एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात दे. फोन चालणार नाही. "बघू" हा कलम ४ मधल्या हमीला नकार धरला जाईल.