थोरला कोण?

ता. १४, मंगळवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. एवढं लिहायलाच अर्धा तास गेला. ते द्यायचा हक्क मला राहिलाय का, हे शेवटी तूच ठरव. घरात सगळी बरी असतील.

इथे थंडी फार. मुलाचं घर उबदार आहे, सून वेळेवर वाढते, तक्रार नाही. अक्षर वेडंवाकडं दिसेल. माझा उजवा डोळा गेला. काचबिंदू. डाव्याची कडाही काळी होत चालली आहे. रोज दाराच्या चौकटीला खांदा आपटतो.

आधी खाजगी दवाखान्यात गेलो. मऊ खुर्ची, पाण्याचा पेला, डॉक्टर पाहुण्याशी बोलावं तसा बोलला. ऑपरेशन लगेच करा म्हणाला. मग विमावाल्यांचं पत्र आलं, की आजार इथे येण्याआधीचा आहे, आम्ही बांधील नाही. डोळाही आधीचाच की! स्वतःच्या खिशातून करणं मुलाच्या आवाक्याबाहेर आहे.

मग सरकारी इस्पितळ. चार तास चिठ्ठी हातात धरून बसलो. काचेमागच्या बाईने पासपोर्ट पाहिला, मुलाशी बोलली. ती म्हणेल ते तो मला मराठीत सांगत गेला.

"बाबा, बाहेरून आलेल्यांना सत्तरीनंतर मोफत उपचाराचं कार्ड मिळतं. तुम्ही सदुसष्ट वर्षांचे."

"अरे, एकाहत्तर पुरी झाली मला!"

"मग हा पासपोर्ट काय शेजाऱ्याचा आणलात?"

शाळेत घालताना मास्तरांनी चार वर्षं कमी लावली, हे त्या बाईला काही केल्या पटेना. शेवटी म्हणाली, सख्ख्या भावाचं शपथपत्र आणा, बघू. तीन वर्षं थांबायला मी तयार आहे रे, डोळा नाही. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात.

गाडीत मुलगा म्हणाला, "काका देतील ना लिहून? तुम्ही दोघं बोलत का नाही?"

जमिनीवरून बिनसलं, असं सांगितलं. तेही खोटंच.

खरं तुला पाठ आहे. आपल्या कारखान्यात माझ्या वयाची चौकशी लागली. साहेबाने दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं, "थोरला कोण?" तू सरळ म्हणालास, "दादा. माझ्याहून दोन वर्षांनी." मला निवृत्ती चार वर्षं लांबवायची होती. पोरगा शिकत होता, असं मी इतकी वर्षं मनाला समजावत आलो. मी तुझ्याकडे वळलो आणि म्हणालो, "असं काय करतोस, दादा?"

कागदोपत्री मोठा तूच होतास. साहेब हसला. तुझ्यावर खोट्या साक्षीचा ठपका आला, दोन वर्षं आधीच घरी बसलास. माझी चार वर्षं सुखाने पुरी झाली. त्या दिवसापासून तू मला कसलीच हाक मारली नाहीस.

आता तेच वाक्य पुन्हा बोल, म्हणून सांगतोय. नाही म्हणालास तर वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो. पण वाटेल. रागही येईल. नजर गेली, स्वभाव तसाच आहे.

पाकिटात दुसरा कागद आहे. त्या दिवशी तू खरं बोललास आणि मी खोटं, असं त्यात सहीनिशी लिहिलंय. कारखान्याच्या कचेरीत दे, चारचौघांत वाच, मग माझं काय व्हायचं ते होवो. शपथपत्र पाठवलं नाहीस तरी तो कागद तुझाच. पाकिटात घातला की नाही, तीनदा चाचपून पाहिलं.

साहेबासमोर म्हणायचं राहिलं, ते इथे लिहितो.

तुझा थोरला भाऊ