अडतीस जणींच्या सह्या

मी, सुवर्णा रोहिदास दिवेकर, माहेरची थिटे, वय छप्पन्न, शिक्षण दहावी, धंदा एकोणीस वर्षे कारखान्यात नोकरी आणि त्यानंतर मिळेल ते काम, राहणार शिरूर, घोडनदी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. आजार माझ्या शरीरात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक घातलेला नाही. वकीलसाहेबांनी कच्चा मसुदा पाहिला आणि कलम पाच व सहा गाळावीत असे सुचवले, कारण मिळकतीच्या वाटपाला त्यांची गरज नाही. ती मी ठेवली आहेत. त्यांच्याशिवाय बाकीचे वाटप कोणाला समजणार नाही.

१. माझे पती रोहिदास, मूळचे वरवंड, तालुका दौंड, सत्तावीस वर्षांपूर्वी काविळीने वारले. मला एक मुलगा, रविराज, वय एकोणतीस. त्याच्याशिवाय माझा सरळ वारस नाही. पूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

२. वरवंड येथील पतीच्या वाट्याची बावीस गुंठे कालव्याखालची जमीन रविराजला द्यावी. ती कशी कसायची हे त्याला येत नाही, यात त्याचा दोष नाही. मी त्याला कधी रानात पाठवले नाही. "माझा पोरगा मशिनवर काम करील," असे मी सगळ्यांना सांगत असे. त्याने आय.टी.आय. केले आणि आजवर सहा कारखान्यांत काम केले. प्रत्येक ठिकाणी सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे कायम करावे लागू नये म्हणून घरी. मी दहावी शिकून कायम झाले होते, तो माझ्यापेक्षा जास्त शिकून एकदाही कायम झाला नाही. रवी, जमीन विकावी वाटली तर वीक. फक्त विकण्याआधी एक वर्ष तिच्यात काही पेरून बघ.

३. माझे वडील हौसराव थिटे, केंदूर, यांनी पुणे–नगर रस्त्याकडेला नऊ एकर माळ घेऊन ठेवला होता. तिथे कुसळांशिवाय काही उगवत नसे. औद्योगिक वसाहतीसाठी तो माळ गेला, तेव्हा माझे बंधू पोपटराव मला गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेले. रोहिदास आजारी होते, घरात औषधाची ओढाताण होती. "सुवर्णे, हक्कसोड हाय, नुसती रीत," असे ते म्हणाले. मी सही केली. माघारी येताना त्यांनी मला साडी-चोळी घेतली आणि रसवंतीवर थांबून रस पाजला. मोबदल्यातून त्यांनी जीप घेतली, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेल्या भूखंडावर भाड्याच्या बत्तीस खोल्या बांधल्या आणि पुढे मजूर पुरवायचा ठेका घेतला. मी कोर्टात गेले नाही, आणि आता रविराजनेही जाऊ नये. पोपटराव यांना माझ्या मिळकतीतून काही देऊ नये. माझ्या दशक्रियेला त्यांना येऊ द्यावे, पण माईक देऊ नये. बहिणीच्या कष्टावर ते फार चांगले बोलतात.

४. आमच्याच माळावर उभ्या राहिलेल्या कंपनीत मी नोकरीला लागले. कंपनीचे नाव लिहीत नाही. तिथे टी.व्ही.च्या आतल्या कॉइल तयार होत. केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची, चिमट्याने टोक उचलून सोल्डरचा डाग द्यायचा. साहेब लोक म्हणत, बायकांची बोटे या कामाला बरी. कालपर्यंत कांदा काटणाऱ्या आम्ही, निळा कोट आणि टोपी घालून काचेच्या दाराआड बसू लागलो. दुपारच्या सुट्टीत पंख्याखाली बसून जेवायचे, याचेच पहिले वर्षभर अप्रूप होते. पगाराच्या दिवशी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, ही गोष्ट आमच्यातल्या कितीतरी जणींनी कुजबुजत एकमेकींना सांगितली. पुढे मी लाइन लीडर झाले. सगळ्या मला ताई म्हणू लागल्या. त्या एकोणीस वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही. ते माझे चांगले दिवस होते.

या नोकरीत माझ्याकडे राहिलेला चिमटा, दिव्याचे भिंग आणि डाग द्यायची इस्त्री माझ्या लाइनवरच्या अनिता साकोरे हिला द्यावी. ती हल्ली घरी बसून ब्लाउजवर मण्यांचे काम करते. तिची नजर उतरली आहे, भिंग उपयोगी पडेल.

५. आता जे लिहिते ते माझ्या मुलालाही माहीत नाही.

बाहेरून तयार माल स्वस्तात येऊ लागला, तशा आमच्या चार लाइनच्या दोन झाल्या. शेवटच्या वर्षी कंपनीत एकशे एकतीस कायम कामगार उरले होते. एके दिवशी दुपारी एच.आर.च्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. इतक्या वर्षांत तिथे मला पहिल्यांदा कोणी बसायला सांगितले. ते म्हणाले, "सुवर्णाताई, एक लाइन बंद करावी लागतेय. चाळीसेक जणींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर उरलेला कारखाना वाचेल. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत." मग त्यांनी रविराजची चौकशी केली. त्याला ट्रेनी म्हणून घेऊ आणि तुम्हाला शेवटपर्यंत ठेवू, असे ते म्हणाले. मी चहा प्याले आणि हो म्हणाले.

तीन आठवडे मी घरोघर फिरले. कोणाच्या ओट्यावर, कोणाच्या गोठ्यात बसून समजावले. "उरलेल्यांचं तरी वाचंल," असे मी म्हणायचे. सविता पऱ्हाड म्हणाली, "ताई, तुमी म्हंता म्हणून करते." अडतीस जणींनी सह्या केल्या. बऱ्याच फॉर्मवर सही कुठे करायची ते माझ्याच बोटाने दाखवलेले आहे.

एकटी ललिता गव्हाणे अडून राहिली. ललिता नवऱ्याने टाकलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, पण अख्ख्या कारखान्यात तिच्याइतका वेगाचा हात कोणाचा नव्हता. ती मला दारातच म्हणाली, "ताई, कंपनी हितं आली ती सरकारनं कर माफ केला म्हणून. ती सवलत सरली. आता दुसरं राज्य नवी सवलत देतंय. सही केली तरी ती जाणार, न्हाई केली तरी जाणार. मंग मी माझ्या हातानं कशाला लिहून देऊ?"

मी तिला म्हणाले, "तुला लई कळतं." हे माझे शब्द आहेत. मी ते विसरलेले नाही.

६. चार महिन्यांनी फाटकावर नोटीस लागली. कारखाना बंद. ललिता आणि इतर काही जण पुण्याला कामगार कचेरीत गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की कायम कामगार शंभर किंवा जास्त असते, तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी घ्यावी लागली असती. सुनावणी झाली असती, अटी घालता आल्या असत्या. पण आता कामगार त्र्याण्णव आहेत.

एकशे एकतीसमधून अडतीस गेले की त्र्याण्णव उरतात. ही वजाबाकी मी केली होती.

ललिता त्या संध्याकाळी एस.टी.तून उतरून सरळ माझ्या घरी आली. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. "ताई, तुमाला म्हाईत हुतं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

शंभराचा नियम मला खरोखरच माहीत नव्हता. पण रविराज तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या खात्यात ट्रेनी होता, आणि मला आणखी आठ महिने कामावर ठेवायचे ठरले होते, हे मी तिला सांगितले नाही. ती आल्या पावली परत गेली.

ते आठ महिने मी मशिनी पॅक करत होते. कोणती मशीन कोणत्या पेटीत, कोणता भाग सुटा करायचा, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. माझ्या मशिनच्या कडेला मनगट टेकून टेकून रंग उडाला होता, तिलाही मीच फोम गुंडाळला. पेट्या ठोकणारा एक बिहारचा माणूस मला म्हणाला, "दीदी, हम लोग भी मशीन के साथ ही जा रहे हैं. आप नहीं चलेंगी?" मी पुढच्या पेटीवर नंबर टाकला. शेवटचा ट्रेलर गेला, त्यानंतर तीन दिवसांनी मला मोकळे केले. रविराजला त्याआधीच ब्रेक मिळाला होता.

अडतीस जणींपैकी बहुतेकींना पुन्हा कारखान्यात काम मिळाले नाही. पस्तिशीच्या पुढची बाई कोणी घेत नाही. पिकअप सकाळी सहाला घोडनदीच्या चौकात येते. त्यात बसून त्या केंदूरकडे, पाबळकडे कांदा काटायला, फुले तोडायला जातात. आमच्या आया स्वतःच्या रानात राबत होत्या, या दुसऱ्याच्या रानात रोजाने जातात. मीही दोन वर्षे गेले. पिकअपमध्ये ललिता असली तर ती पुढे बसायची, मी मागे. गुंडाळताना ज्या बोटांना तारेचा एक वेढा कमी पडला तरी कळायचा, ती कांद्याच्या पातीने चिरून काळी झालेली मी पाहिली आहेत.

७. शिरूर येथील माझे दोन खोल्यांचे घर, ओटा व मागची मोरी यांसह, ललिता गव्हाणे हिला कायमचे, पूर्ण मालकीहक्काने द्यावे. हे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. रविराज, तुला वाईट वाटेल. तुझी ती पहिली नोकरी मी कशाच्या बदल्यात मिळवली होती ते तू आता वाचलेस. हरकत घेऊ नकोस.

८. पोस्टातली शिल्लक माझ्या क्रियाकर्माला वापरावी, उरेल ती रविराजला द्यावी. जेवणावळी घालू नयेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारचे ज्योतिबा काका, निवृत्त एस.टी. चालक, यांनी करावी. त्यांनी तसे कबूल केले आहे.

९. सही करण्याआधी जोडलेला मजकूर. गेल्या महिन्यात मी ललिताच्या खोलीवर जाऊन हे सगळे तिला सांगितले. ती भाकरी करत होती. तिने ऐकून घेतले, तवा उतरवला आणि म्हणाली, "घर घेते. मला गरज हाय. पर घर दिलं म्हणून तुमाला चांगलं म्हणणार न्हाई."

"नको म्हणू," मी म्हणाले.

"आन् त्या अडतिसजणींना कवा कळायचं हे? तुमी गेल्यावर वकील वाचंल तवा? मेलेल्या बाईला कोण काय बोलणार, ताई? जित्तेपणी सांगा."

म्हणून मी निरोप धाडले. अडतीसपैकी तिघी वारल्या आहेत, काही लेकांकडे गेल्या, काहींनी येत नाही म्हणून कळवले. आज अकरा जणी आल्या. ललिता आली नाही. रविराज भिंतीला टेकून उभा होता. कलम पाच आणि सहा मी मोठ्याने वाचले. मधे दोनदा दम लागला, पण दुसऱ्या कोणाला वाचू दिले नाही. वाचून झाल्यावर एकीने विचारले, "रवीला किती महिने ठेवलं त्यांनी?"

"सात," रविराजच म्हणाला.

ती हसली आणि उठून गेली. तिच्यामागोमाग आणखी चौघी गेल्या. चहा तसाच राहिला. रविराज माझ्याकडे न बघता कप गोळा करू लागला. उरलेल्यांपैकी दोघींना मी साक्षीदार होण्याची विनंती केली.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, ते माझे आहे, आणि ते खरे आहे.

ठिकाण: शिरूर (घोडनदी)
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार
सुवर्णा रोहिदास दिवेकर (सही)

साक्षीदार
१. अनिता साकोरे (सही)
२. सविता पऱ्हाड (सही)

साक्षीदार क्रमांक दोन यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर:
बाई शुद्धीवर होती आन् तिनं माझ्यासमोर सही केली, एवढ्याचीच मी साक्षीदार हाय. मी तिला माफ केलं आसं कुणी वाचू नये.