ताईच्या लयीत

३ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र मिळालं. फोनवर तू सारखी घड्याळ बघतेस हे मला इथून कळतं, म्हणून पत्रच बरं. मी जिन्यात पडले हे तुला शेजारणीने कळवलं म्हणे. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. फार लागलेलं नाही. ‘माझ्याकडे कायमची राहायला ये’, हा तुझा धोशा आता पुरे.

तू रेडिओच्या रेकॉर्डी सांभाळतेस, म्हणून विचारते. बाबा ज्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचे, त्यांची ती वॉल्ट्झ, तीन ठोक्यांच्या नाचाची धून, मी रोज चार वाजता चहाबरोबर लावते. ती हळू होत चालली आहे. पूर्वी कप रिकामा व्हायच्या आत संपायची. आता कप विसळून जागेवर ठेवते, तरी चालूच असते. असं होतं का?

बाकी ठीक. आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न.

प्लेअरचा पट्टा सैल झाला असणार, दुसरं काही नाही. तबकडी हळू फिरली की लय मंदावते आणि सूरही उतरतो. त्याच रेकॉर्डची एक प्रत आमच्याकडे आहे. तिचं कार्ड मीच लिहिलं होतं: लय, तीन-तीन ठोक्यांचे मिनिटाला साठ फेरे. सूर, डी मेजर. भाव, आनंदी. वेळ, सात मिनिटं दहा सेकंद. काल लावून बघितली, एका सेकंदाचा फरक नाही. तू पियानोवर डी वाजवून ताडून बघ आणि पट्टा बदलून घे. दुरुस्तीवाल्याला चहा पाजत तासभर बसवू नकोस.

खालची खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवली आहे. तिथे जिना नाही. रागावली असशील तर ये, आणि समोर बसून रागव.

लोभ आहेच. गुडघ्याला शेक दे.

तुझी धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पट्टा नवा घातला. दुरुस्तीवाल्याने दोन कप चहा घेतला. सूर तसूभरही उतरलेला नाही, डी तो डीच. लय मात्र आणखी संथ. आज नऊ मिनिटं लागली.

बाबांच्या मेट्रोनोमने, त्या ठोके देणाऱ्या यंत्राने, मोजलं. मग तो तसाच टिकटिकत ठेवून खोलीत चालले. माझं चालणं तुला ठाऊक आहे. चांगला पाय टेकवणं, अधू उचलणं, मग तो ओढणं. तीन ठोके. एकही चुकला नाही.

तू तेव्हा जन्मली नव्हतीस. मी आठ वर्षांची होते, पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट. या रेकॉर्डिंगला बाबा मला सोबत घेऊन गेले होते. वाद्यं सुरू झाली आणि मला राहवलं नाही, मागे उभी होते तिथेच नाचायला लागले. बुटाचा आवाज आत उमटला आणि सगळं फुकट गेलं. ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि पुन्हा वाजवून घेतलं. तीच ही रेकॉर्ड. घरी येताना बाबा म्हणाले, ती माणसं घाईत होती गं, एकदा तुझ्या लयीत वाजवू.

बाबा गेले आणि ते राहूनच गेलं होतं. आता वाजवताहेत. मला भीती वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस. मी रोज त्यावर नाचते, शेवटच्या वळणाला अजून दम लागतो. एकदा पूर्ण नाचले की तुझ्याकडे येते. शब्द देते.

माया असू दे.

तुझी ताई

२६ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

रेकॉर्ड सोबत पाठवते. काल शेवटपर्यंत झालं. मधे एकदाही थांबले नाही. आता ती लावावी लागत नाही, न लावताही ऐकू येते. बॅग भरून ठेवली आहे.

तुझ्या कार्डावरचा भाव बदलू नकोस.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

हे पत्र उघडायला आता कुणी नाही. सवयीने लिहिते आहे.

पार्सल आणि शेजारणीचा फोन एकाच सकाळी आले. ती म्हणाली, तू खुर्चीत होतीस, बाहेर जायचे बूट घालून, जणू जरा टेकलीस. पहिल्यांदाच ती बाई थोडक्यात बोलली.

तुझं सगळं करून आज कामावर आले आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. आमच्या प्रतीवरच्या कोरलेल्या रेषा मधल्या नावाच्या कागदाच्या दोन बोटं अलीकडे थांबतात. तुझ्या प्रतीवरच्या कागदाला टेकल्या आहेत. आमच्या मशीनवर ती दहा मिनिटं चाळीस सेकंद वाजते. डी मेजर. सातव्या मिनिटाला एक खुर्ची करकरते आणि चेलोंमधला एक कमी होतो. त्यानंतर पावलं येतात. एक जोडी सरळ. तिच्यासोबत टेकवणं, उचलणं, ओढणं. कुणी थांबवत नाही, कुणी बाहेर बसवत नाही.

तुझ्या प्रतीचं वेगळं कार्ड केलं. लय आणि सूर लिहिला. भावाच्या रकान्यापाशी तासभर बसले. शेवटी तू सांगितलंस तेच लिहिलं.

आता घरी आले आहे. तुझी रेकॉर्ड तिकडे कपाटात कुलपात आहे, आणि आमच्या घरात प्लेअर नाही. तरी खालच्या खोलीत ऐकू येतंय. टेकवणं, उचलणं, ओढणं. तू शब्द दिला होतास, आणि शब्द मोडणं तुला कधी जमलं नाही.

दार उघडंच ठेवलं आहे. खुर्च्या दोन आहेत. तू आणि बाबा, दमलात की बसा.

तुझी धाकटी