नाचणीचा पिझ्झा आणि गारगोटीच्या सात जणी

प्रिय मामी,

जावयानं सासूला पत्र लिहायचं, तेही ती गेल्यावर सात महिन्यांनी! "पावणं, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?" असं तुम्ही नक्की विचारलं असतं. पण काय करू? मागच्या रविवारी गारगोटीला तुमच्या घरी जाऊन आलो. तिथं एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न फिरतोय. त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाकडं नाही.

नाचणीचा बेस फुटू नये म्हणून तुम्ही पिठात काय घातलं होतं?

हसू नका. खरंच विचारतोय.

तुम्हाला कोल्हापूरला आमच्याकडं आणलं तेव्हा तुम्ही गारगोटीच्या घरी अंगणात चक्कर येऊन पडला होता. साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका. मग मी आणि सुनीतानं ठरवून टाकलं. तुम्हाला विचारलं का कुणी? नाही विचारलं. तुम्ही दोन लुगडी आणि औषधांची पिशवी घेऊन आलात आणि दोन वर्षं पाहुण्यासारख्या राहिलात. चहासुद्धा मागितला नाहीत कधी. फ्रिजला तर हातच लावायचा नाही. "लेकीचं घर हाय, माझं न्हवं," एवढंच म्हणायचात. एकदा तरी भांडायचं होतं की आमच्याशी!

मग ऋतुजाचा वाढदिवस आला. नातीनं हट्टानं बाहेरून पिझ्झा मागवला आणि तुम्हाला दोन तुकडे भरवले. तुम्ही डोळे मिटून खाल्लेत. दुसऱ्या दिवशी साखर तपासली तर आकडा बघून सुनीता घाबरली, आणि घाबरली की ती ओरडते. घरात पाहुणे असताना ती तुम्हाला म्हणाली, "आई, तुला कळत नाही काय? लहान हायस काय आता?"

तुम्ही ताटातली अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवलीत.

ते मला बघवलं नाही. पुढच्या रविवारी मी गव्हाचं पीठ घेतलं, दही घातलं, चिमूटभर सोडा घातला आणि मळायला बसलो. तुम्ही दारात उभ्या.

"ह्ये काय चाललंय?"

"तुमच्यासाठी हलका पिझ्झा करतोय, मामी."

"जावयानं कणीक मळायची आन सासूनं बघत बसायचं? लोकं काय म्हंतील?"

"मग बघत बसू नका. मदत करा."

तुम्ही आला नाहीत. पण गेलातही नाही. चौकटीला टेकून शेवटपर्यंत उभ्या होता.

तो पहिला पिझ्झा चामड्यासारखा झाला. ऋतुजानं दातानं ओढून दाखवला आणि तुम्ही पदरात तोंड लपवून हसलात. त्या दिवशी मी ठरवलं, हे आता थांबवायचं नाही.

दुसऱ्या रविवारी ज्वारी. चव झकास, पण कापायला गेलं की भुगा. तिसऱ्या रविवारी रवा आणि दही. तो बरा जमला. आमच्या ओतकामाच्या कारखान्यातनं मी जाड बिडाचा तवा आणला, त्यावर झाकण ठेवून भाजायला लागलो. एव्हाना तुम्ही दारातून आत, पाटावर आला होता. वरच्या थराची जबाबदारी कधी तुमच्याकडं गेली ते कळलंच नाही! टोमॅटोच्या सॉसऐवजी भाजलेल्या वांग्याचं भरीत पसरायचं, हे तुमचं डोकं. निम्मं चीज काढून टांगलेल्या दह्याचा चक्का लावायचा, हेही तुमचंच. ढबू मिरची, पातीचा कांदा, शेवग्याचा कोवळा पाला. आणि वरून आपली कांदा-लसूण चटणी, अगदी बोटाच्या चिमटीनं.

मी विचारायचो, "कसा झालाय?"

"बरं हाय."

दर रविवारी तेवढंच. बरं हाय! मामी, एवढा जीव काढून करत होतो मी. एखाद्या वेळी "चांगला झालाय" म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?

नाचणी मात्र आपल्याला कधी जमली नाही. उकड काढून बघितली, पातळ करून बघितली, जाड थापून बघितली. तव्यावर टाकली की भेगा. मी भट्टीवर काम करणारा माणूस, लोखंडाचा रस किती तापलाय ते रंगावरून सांगतो. पण नाचणीनं मला हात टेकायला लावले. "सोडा तिचा नाद," तुम्ही म्हणाला होता.

आणि स्वतः काय केलंत?

मागच्या रविवारी मी गारगोटीला गेलो ते तुमचं घर झाडून घ्यायला. सुनीता आली नाही. तुम्ही गेल्यापासून ती तिकडं फिरकलीच नाही. बंद दार बघवत नाही म्हणते. मी कुलूप काढत होतो तेवढ्यात शेजारच्या हौसाक्का आल्या आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "तुमीच न्हवं ते पिझ्झावालं जावई?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आता गं बया! दोनदा खाल्लाय की आमी. भावकीतल्या लग्नाला आलती न्हवं तुमची सासू, पंधरा दीस ऱ्हायलेली? तवाच चुलीवर केलता तिनं. नाचणीचा. आमी सात जणी हुतो."

"नाचणीचा? फुटला नाही?"

"फुटतोय कशाला? भाकरीसारखा मोडून खाल्ला. आन सारखं तुमचंच कौतिक. आमचं जावई असं मळत्यात, आमचं जावई तसं भाजत्यात. कान किटलं आमचं."

मी तिथंच पायरीवर बसलो, मामी. मला तोंडावर बरं हाय, आणि गावभर हे!

"पण चीज कुठलं आणलं?" मी विचारलं.

"कोल्लापुरासनंच आणलं हुतं. पिशवीत, फडक्यात गुंडाळून."

म्हणजे ते तुम्हीच! तुम्ही लग्नाला निघालात त्या आठवड्यात फ्रिजमधलं चीज गायब झालं म्हणून मी ऋतुजाला केवढं झापलं होतं. बिचारी शपथा घेत होती. आता तिला सांगितलं तर म्हणाली, "आजीनं चोरलं? एकच नंबर!" मला तर इतका आनंद झाला म्हणून सांगू. तुम्ही आमचा फ्रिज उघडलात. न विचारता. स्वतःच्या हातानं!

हौसाक्कांना पिठात काय होतं ते ठाऊक नाही. "सांगितलं न्हाई तिनं. पर खालची भाकरी जरा गोडसर लागत हुती." त्या सात जणींतली दुसरी एक म्हणाली भोपळा असेल, तिसरी म्हणाली केळं. घरी येऊन मी दोन्ही करून बघितलं. भोपळ्यानं पचका झाला, केळ्याला वास आला. परवा उकडलेलं रताळं कुस्करून मळलं आणि काय सांगू, धरलं की पीठ! एक भेग नाही. रताळंच होतं का? साखर असताना तुम्ही रताळं खाल्लंत? की नुसतं त्यांनाच वाढलंत? ऋतुजा म्हणते, "बाबा, आजीचा असाच होता कशावरून?" बरोबर आहे तिचं.

हे सगळं मी सुनीताला सांगितलं. त्या दिवशीचं तिचं ओरडणं तिला अजून टोचतंय, हे मला माहीत आहे. मग हळूच म्हणाली, "आई तेव्हा हसत होती काय हो?"

मला कुठलं माहीत? मी हौसाक्कांना फोन लावला, तिला ऐकू जाईल असा.

"हसतीया कसली!" हौसाक्का म्हणाल्या. "वरडत हुती की आमच्यावर. गरम हाय तवर खावा म्हनून. एकीला उठू दिलं न्हाई. आन सारखं म्हनायची, माझी सुनी लई जपतीया मला, तिला सांगू नगासा चीज खाल्लं म्हनून."

सुनीता हसली. सात महिन्यांनी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला घेऊन चला गारगोटीला."

तर मामी, शब्द देतो. येत्या रविवारी आम्ही तिघं तुमच्या घरी येतोय. तवा, नाचणी, रताळी, सगळं घेऊन. सातही जणींना सांगावा धाडलाय. मी मळीन, तुमची लेक चुलीपुढं बसेल, आणि त्या बायका चाखून सांगतील काय कमी आहे ते. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. तुमच्या दाराला आता महिनोन् महिने कुलूप राहणार नाही.

तुमचं पावणं,
विलास