एकाही रोग्याला सूज आली नाही

१२ मार्च १९३५, भालकी

डॉक्टर हावगेप्पांचा लेख घरी आणला. एकवीस पानं, विषय नारू, पायातून निघणारा तो दोऱ्यासारखा किडा. इथल्या दवाखान्यात त्यांनी चाळीस रोग्यांच्या पायात, नारूच्या जखमेच्या तोंडाभोवती, एक नवी दवा टोचली — त्याची सगळी हकीकत. मद्रासच्या एका वैद्यकीय मासिकाला पाठवायची आहे. डॉक्टरांचं शिक्षण उर्दूत झालं, इंग्रजी लिहिताना अडतात. म्हणाले, "किशनराव मास्तर, बीमारी मी बघितलो, जबान तुम्ही बघा."

तेरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतोय. पण मद्रासला छापून येणाऱ्या लेखाला हात लावायचा म्हणजे — मोठा कोश आधीच काढून ठेवला.

१५ मार्च

'अ' आणि 'द' हवे तिथे नाहीत, नको तिथे आहेत. एकाच वाक्यात दोन काळ. एका जागी चार दिवसांत रोगीच ओढून बाहेर काढलाय! नारू म्हणायचंय. कोश चाळताना ताटातली भाकरी वाळली. पद्माने नवऱ्याचं ताट तसंच उचलून नेलं.

१९ मार्च

सतराव्या पानावर अडलो. डॉक्टरांचं वाक्य — सगळ्या रोग्यांना सूज आली नाही. इंग्रजीत असं लिहीत नाहीत, दोन अर्थ निघतात. कुणालाच आली नाही, की काहींना आली? विचारायला गेलो तर डॉक्टर बीदरला गेलेले, शुक्रवारी येणार. पण बाकीची पानं तर दवेची तारीफच करतात. मग 'ऑल' हा तीन अक्षरांचा शब्द काढला, 'नन' हा चार अक्षरांचा घातला — एकाही रोग्याला सूज आली नाही.

वाक्य छान बसलं.

२३ मार्च

लेख दिला. त्या वाक्याचं विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप — सही केली, टपालात टाकला.

९ एप्रिल

खटकचिंचोळीच्या सोजराबाई आल्या होत्या. मुलगा सोलापूरला गिरणीत आहे, त्याला पत्र लिहून हवं होतं. बसा म्हटलं तर भिंतीला टेकून उभ्याच.

"बसायला येत न्हाई, मास्तर. गुडघा वळंना."

"कामून?"

"नारूची सुई घेतले की दवाखान्यात. नारू गेला, पर पाय हा एवढा सुजला. म्हैनाभर सूज उतरंना. आमच्या गावात आणिक दोघांचं असंच झालंय."

पुढे काय लिहिलं आठवत नाही. मुलाचं नाव दोनदा पडलं, कागद बदलावा लागला.

१० एप्रिल

डॉक्टरांची कच्ची प्रत माझ्याचकडे राहिली होती. काढून पाहिली. त्यांनी खोटं लिहिलेलं नाही. मी लिहिलं.

११ एप्रिल

शाळा सुटताच दवाखान्यात गेलो. डॉक्टर हात धूत होते. विचारलं, सूज किती जणांना आली?

"आठ."

"पण लेखात एकालाही नाही असं झालंय. माझ्या हातून—"

"वाचलो की. सही करायच्या आधी सगळी पानं वाचलो." हात पुसत राहिले. "बत्तीस लोकं चार दिवसांत चालायलेत, मास्तर. आठ लिहिलं की वरचे लोक आठच बघतेत. दवा बंद. मग बसा पुन्हा रोज बोटभर नारू काडीवर गुंडाळत."

मी सोजराबाईंच्या गुडघ्याचं काढलं.

"मला ठाऊक न्हाई व्हय? तिची पट्टी रोज मी बदललो." मग टॉवेल खुंटीला अडकवला. म्हणाले, "जबान तुमचं काम होतं. झालं ते. जावा आता."

लेख वाचून आणखी किती डॉक्टर ती दवा टोचतील? कुठल्या कुठल्या गावात? टोचताना माझं वाक्य डोक्यात ठेवतील — सूज येत नाही.

१३ एप्रिल

पद्माला सगळं सांगितलं. तिला आठवा महिना. पहिल्या वेळी अडली होती, डॉक्टर धावून आले म्हणून वाचली. मासिकाला कळवलं तर त्यांची नोकरी जाईल, निदान बदली होईल. मग जूनमध्ये कुणाला हाक मारायची?

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मग ती आठ माणसं कुठं गेली म्हणायचं?"

मी म्हटलं, तुझं काय होईल? म्हणाली, "शिवम्मा सुईण हाय की." पण हात थांबले होते तिचे.

१६ एप्रिल

मासिकाच्या संपादकांना पत्र टाकलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा टाकलं. चूक माझी म्हणून लिहिलं. शिवाय हेही लिहिलं — डॉक्टर हावगेप्पांना ती ठाऊक होती, त्यांनी जाणूनबुजून राहू दिली. हे लिहायची गरज होती का? होती. नाहीतर विश्वास कोण ठेवणार.

पेटीत पडल्याचा आवाज आला आणि वाटलं, हात घालून परत काढावं.

२२ एप्रिल

बाजारात डॉक्टर समोरून आले. मी वळणार, तोच त्यांनी हाक मारली. पद्माची चौकशी केली. पायावर सूज दिसते का, डोकं दुखतं का. घरी येऊन तपासून जातो म्हणाले. मी नुसता व्हय व्हय करत राहिलो. त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

२३ एप्रिल

खरंच आले. पद्माला तपासलं, लोहाच्या औषधाची बाटली दिली. लेखाबद्दल एक अक्षर नाही. चहा पिऊन गेले. मला वाटतं त्यांना अजून काही कळलेलं नाही. कळेल तेव्हा?

३० एप्रिल

मद्रासहून उत्तर आलं. लिहितात — ही दुरुस्ती लेखकाने स्वतःच बारा एप्रिलच्या पत्राने कळवली आहे. चाळीसपैकी आठ जणांना सूज, एकीचा गुडघा कायमचा आखडला, चूक सर्वस्वी आपली, असं डॉक्टरांनी लिहिलंय. लेख तसा सुधारून छापणार.

बारा एप्रिल. मी दवाखान्यातून निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

त्यांच्या पत्रात माझं नाव नाही. माझ्यात त्यांचं तीनदा आहे.